बँडसॉ आणि दहा बोटं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि 'नोकरी सोडून कशावरही बोल' असं सांगितलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ग्रुपवर लगेच फर्माईश आली की एआयमुळे आपल्या पोरांचं काय होणार ते सांग. ते जेवताना विचारा. आत्ता मी बोलणार आहे लाकूड कापायच्या एका मशीनवर. कारण दुपारच्या सभेत एक ठराव यायचा आहे: 1997 च्या दहावीच्या तुकडीच्या निधीतून शाळेच्या सुतारकामाच्या खोलीला बँडसॉ भेट द्यावा. ती खोली बरीच वर्षं बंद आहे आणि ती पुन्हा सुरू व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटतं. पण हात वर करण्याआधी आपण शाळेला नेमकं काय देतोय, हे आपल्याला माहीत असावं. आपल्या तुकडीत घरी हे मशीन वापरणारी बहुधा मी एकटीच आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलं सुतारकामाच्या खोलीत जायची आणि आम्ही मुली शिवणकामाला. काजं-बटणं मी अजून नीट करते, त्याबद्दल बाईंची ऋणी आहे. पण त्या खोलीतून रंध्याचा आवाज यायचा, ताज्या भुश्याचा वास यायचा, आणि आम्ही खिडकीतून बघायचो. लाकडाला माझा हात पहिल्यांदा लागला तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, वर्कशॉपमध्ये. पुढे कॉम्प्युटर आलं आणि लाकूड मागे पडलं. 2020 नंतर घरून काम सुरू झालं, पुण्याहून नगरला परत आले, सावेडीच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती ती रिकामी केली आणि हळूहळू तिथं कारखाना मांडला. त्यात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे चौदा इंची बँडसॉ.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शिलाई मशीनच्या दोन चाकांवरून चामड्याचा पट्टा फिरतो, तो डोळ्यांसमोर आणा. आता चाकं वर-खाली ठेवा आणि चामड्याऐवजी पोलादी पट्टा घाला, ज्याच्या एका कडेला दात आहेत. मध्ये एक लोखंडी टेबल. पातं टेबलातून सतत खाली जात राहतं आणि आपण लाकूड त्याच्याकडे सरकवत नेतो. झालं मशीन. वखारीत ओंडके चिरणारा मोठा आरा तुम्ही पाहिला असेल, त्याचंच हे धाकटं भावंड. सरळ कापता येतं, वळणदार कापता येतं, जाड फळी उभी चिरून तिच्या दोन पातळ फळ्या करता येतात.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी 1809 च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. पण पट्ट्याची दोन टोकं जिथं जोडायची तो सांधा टिकेना, चाकावरून सारखा वाकून तुटायचा. हा सांधा टिकाऊ कसा करायचा, याचं पेटंट 1846 मध्ये फ्रान्समध्ये ॲन पॉलिन क्रेपाँ या बाईंनी घेतलं आणि नंतर पॅरिसच्या एका कंपनीला त्याचे हक्क विकले. आमच्या वेळी ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर आम्ही खिडकीतून बघण्याऐवजी दारातून आत गेलो असतो.

आता मुद्द्यावर येते. कुठल्याही मिस्त्रींना विचारा, ते सांगतील की बँडसॉ हे लाकूडकामातलं सगळ्यात गरीब मशीन. यात तथ्य आहे. गोल पात्याची करवत कधीकधी लाकूड पकडून अंगावर फेकते. बँडसॉचं पातं लाकूड खाली टेबलावर दाबतं, त्यामुळे तसं फेकत नाही. आवाजही कमी. गोल करवत सुरू झाली की माणूस आपोआप एक पाऊल मागे सरकतो. बँडसॉ नुसता गुणगुणतो, आणि माणूस पुढे सरकतो. मला या मशीनची भीती वाटते ती त्याच्या या गरीब चेहऱ्याची.

एक छोटा हिशेब मांडते. गणिताचे सर समोर बसले आहेत, चुकलं तर थांबवा. चौदा इंची मशीनचं पातं मिनिटाला साधारण 900 मीटर धावतं. म्हणजे सेकंदाला 15 मीटर, ताशी 54 किलोमीटर. घाटाबाहेर लागलेल्या एसटीचा वेग. पात्याला इंचाला सहा दात असतील, तर एका जागेवरून सेकंदाला सुमारे साडेतीन हजार दात जातात. काहीतरी बिघडलं हे डोळ्यांना दिसून हात मागे घ्यायला माणसाला निदान पाव सेकंद लागतो. तेवढ्यात साडेआठशेच्या वर दात जाऊन झालेले असतात. त्यातून हे पातं इतकं सरळ आणि एकसारखं धावतं की दात दिसतच नाहीत, एक चकचकीत पट्टी जागच्या जागी उभी आहे असं वाटतं.

या हिशेबाचा अर्थ असा की 'मी लक्ष ठेवीन' ही सुरक्षितता नव्हे. लक्ष पाव सेकंद उशिरा पोचतं. मशीन चालू होण्याआधी आपण काय मांडून ठेवलं, त्यावर बोटं राहतात.

आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील नागापूरच्या एमआयडीसीत होते. त्यांना पॉवर प्रेस माहीत आहे. चांगल्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. कामगार थकलेला असो, घरच्या काळजीत असो, त्याचे हात त्या क्षणी बटणांवर असतात, डायखाली नसतात. इथं कोणी कामगाराला उपदेश केलेला नाही, बटणांच्या जागा ठरवल्या आहेत. बँडसॉला अशी बटणं नाहीत. परदेशात स्टीव्ह गॅस यांनी गोल करवतीसाठी असा ब्रेक केला की कातडीचा स्पर्श होताच पातं काही मिलिसेकंदांत थांबतं. माझ्या बँडसॉत ते नाही. म्हणून तिथं जी मांडणी करायची, ती आपणच करायची.

मी काय मांडते ते सांगते. प्लग काढलेला असताना आधी चाकं हातानं एक पूर्ण फेरी फिरवते. पातं चाकाच्या मधोमध धावतंय का, ताण पुरेसा आहे का, सांध्याजवळ चीर दिसते का, दात तुटलाय का, हे तेव्हाच दिसतं. मग वरचा गाइड लाकडाच्या उंचीइतका खाली आणते. हा गाइड म्हणजे पात्याला आधार देणारा वर-खाली होणारा भाग, आणि त्याच्याच पुढे पात्याचं झाकण असतं. लाकडाच्या वर पाच-सहा मिलिमीटर सोडून तो पक्का करायचा. फळी इंचभर जाडीची आणि गाइड मात्र सहा इंचावर, असं मशीन मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. तिथं पाच इंच उघडं पातं उगाचच धावत असतं. लाकडाला ते लागत नाही, लागलं तर हातालाच लागणार. शिवाय आधार नसल्यानं पातं लवतं आणि काप वाकडा येतो. बोटं जपणारी आणि काम चांगलं करणारी मांडणी बहुतेक वेळा एकच असते, हे मला या मशीननं शिकवलं.

टेबलावर मी पात्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटिमीटरवर लाल पट्टी चिकटवलीय. मशीन चालू असताना त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट जात नाही. तुकडा लहान असेल तर ढकलायची काठी घ्यायची, त्याहून लहान असेल तर तो मोठ्या फळीला चिकटवून कापायचा किंवा सरळ हातकरवत घ्यायची. शिवणाच्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं: कापड दोन्ही बाजूंनी धरा, सुईसमोर बोट नको. बँडसॉला अक्षरशः तेच लागू आहे. अंगठा पात्याच्या रेषेत ठेवून ढकलायचं नाही. मग अंगठा कुठं ठेवायचा, हे मशीन बंद असताना एकदा लाकूड सरकवून पाहायचं.

सगळ्यात धोक्याचा क्षण कापाच्या शेवटी येतो. लाकूड संपत आलं की विरोध एकदम कमी होतो आणि ज्या जोरानं आपण ढकलत होतो, त्याच जोरानं हात पुढे जातो. वखारीतल्या एका मिस्त्रींशी हात मिळवताना मला एक बोट अर्धंच लागलं. त्यांनी सांगितलं, 'ताई, अख्खा ओंडका चिरला, शेवटच्या दोन इंचात गेलं.' तेव्हा शेवटचा इंच आला की जोर कमी, आणि हातात काठी. पातं बोथट झालं तर बदलायचं, कारण बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि तोच जोर शेवटी हातावर उलटतो.

दुसरी गोष्ट, गोल लाकूड. आपल्याकडे बाभळीच्या फांद्या, लाटण्याचे दांडे, कुदळीचे दांडे असं गोल काहीतरी कापायची हौस असते. गोल लाकूड टेबलावर टेकलेलं दिसतं, पण त्याला टेबलाचा आधार एका रेषेपुरताच असतो. दात लागला की ते गर्रकन फिरतं आणि धरलेला हात सोबत ओढतं. त्यासाठी इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा करून त्यात ते घट्ट बसवायचं, मगच कापायचं. लाकूड वाकलेलं असेल तर खोलगट बाजू खाली, म्हणजे ते डुगडुगत नाही.

वळणाचा काप घेताना पात्याची रुंदी आधी बघायची. अर्ध्या इंची पात्यानं लाटण्याएवढं वळण निघणार नाही. जबरदस्ती केली की पातं पिळवटतं आणि तुटतं. आधी बाहेरच्या बाजूनं छोटे छोटे काप देऊन ठेवले, तर तुकडे वाटेत गळून पडतात आणि वळायला जागा मिळते. अर्ध्यात अडकलात तर चालू मशीनमध्ये लाकूड मागे ओढायचं नाही. पातं चाकावरून सुटतं. मशीन बंद करा, चाक थांबू द्या, मग सोडवा.

आता आपल्या जिल्ह्याचे दोन खास धोके. पहिला लाकडाचा. हिवरे बाजारसारख्या गावांनी ज्या जिल्ह्यात कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे केले, तिथं नुसत्या छंदासाठी नवं झाड पाडलेलं मला पटत नाही. जुने वाडे उतरवले जातात, त्यांच्या तुळया, चौकटी, दारं यांचं सागवान मी घेते. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, रंधा मारला की मधासारखा रंग येतो. पण त्यात पोटात गेलेले खिळे असतात. डोकं गंजून गेलेलं, वर रंगाचे थर, डोळ्यांना काही दिसत नाही. पात्याला खिळा लागला तर दात उडतात, कधी पातंच तुटतं. म्हणून प्रत्येक तुकड्यावर चारी बाजूंनी लोहचुंबक फिरवल्याशिवाय तो माझ्या टेबलावर चढत नाही. रस्त्याकडेचं झाड पडलं आणि त्याचं लाकूड मिळालं तर आणखी सावध राहायचं. शुभेच्छांच्या फलकांचे किती खिळे त्यात असतील, हे तुम्हीच जाणता.

दुसरा धोका विजेचा. काप अर्ध्यावर आला आणि लाइट गेली. माणूस काय करतो? वैतागतो, लाकूड तिथंच सोडतो किंवा वाकून पात्यापाशी बघतो. साध्या बटणाचं मशीन असेल तर बटण चालूच राहिलेलं असतं. दहा मिनिटांनी लाइट येते आणि मशीन आपणहून सुरू होतं. त्या वेळी हात कुठं आहे, ते मशीनला माहीत नसतं. यासाठी एक स्विच मिळतो, नो-व्होल्ट स्विच म्हणतात. वीज गेली की तो आतून सुटतो आणि वीज परत आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. नगर जिल्ह्यात ज्यानं भारनियमन पाहिलंय, त्यानं या स्विचशिवाय बँडसॉ घेऊ नये. सोबत नीट अर्थिंग, आणि 30 मिलिॲम्पिअरला तुटणारा ब्रेकर. व्होल्टेज फार कमी असेल त्या दिवशी मशीन लावायचं नाही, मोटर तापते.

कपड्यांचं बोलू. इथं मैत्रिणींनी जास्त लक्ष द्या. ओढणी नाही, पदर नाही, बांगड्या नाहीत, लांब मंगळसूत्र नाही, केस वर बांधलेले. पुरुषांनी लांब बाह्या, गळ्यातला गमछा आणि हातातले गंडेदोरे बघावेत. आणि हातमोजे घालायचे नाहीत. हे ऐकून सगळे चकित होतात. मोज्याचा धागा दातात अडकला तर पातं मोज्यासकट हात आत ओढतं. मोजे फक्त पातं बदलताना, तेही प्लग काढून, कारण घडी घातलेलं पातं स्प्रिंगसारखं उसळून उघडतं. चष्मा मात्र कायम. आणि मास्क. लाकडाच्या भुश्यात कौतुकासारखा वास असतो, म्हणून आपण तो बिनघोर हुंगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातली आहे. शिसवाच्या धुळीनं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, दम लागतो. मशीनला धूळ ओढणारा पंपही जोडायचा आणि तोंडाला मास्कही लावायचा.

बटण बंद केलं म्हणजे पातं थांबलं असं नाही. जड चाकं असतात, ती फिरत राहतात, आणि तेव्हा तर आवाजही नसतो. पात्याशेजारचा छोटा तुकडा बोटानं बाजूला करायचा मोह नेमका त्याच वेळी होतो. माझ्याकडे त्यासाठी एक जुना रंगाचा ब्रश आहे, तोही चाकं थांबल्यावरच. चालताना 'टिक टिक टिक' असा ठेका ऐकू आला, तर पात्याला चीर गेलीय असं समजून बंद करायचं आणि बाजूला व्हायचं. पातं तुटलं तर दार लगेच उघडायचं नाही.

आणि शेवटची मांडणी डोक्याची. माझी अमेरिकेतल्या टीमबरोबरची मीटिंग रात्री साडेदहाला संपते. त्यानंतर डोकं जागं असतं, हात शिवशिवतात, शेड दहा पावलांवर असते. मशीनची किल्ली मात्र घरात आईकडे असते आणि तिला रात्री नऊनंतर ती द्यायची परवानगी नाही. माझी आई नियम मोडत नाही, हे तुमच्यातल्या जे आमच्या घरी यायचे त्यांना चांगलं आठवत असेल.

इतकं करूनही काही झालं तर काय, हेही सांगते, कारण हे फक्त बँडसॉपुरतं नाही. गावाकडे कडबाकुट्टी आहे, मळणी यंत्र आहे, उसाची रसवंती आहे. या यंत्रांत हात गेल्याची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाच्या भावकीत निदान एक तरी आहे. मळणी यंत्रांसारख्या यंत्रांसाठी 1983 मध्ये केंद्राला धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तर लक्षात ठेवा: जखमेत हळद, कॉफी, चहापूड काही भरायचं नाही. स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, 108 ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते शोधा, मातीनं भरलं असेल तर स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून निकामी होतं. आणि जिथं मायक्रोसर्जरी होते अशा ठिकाणी लवकरात लवकर पोचा. बोट पुन्हा जोडता येईल की नाही, हे पुष्कळदा त्या पहिल्या काही तासांवर ठरतं.

आता ठरावाकडे.

1948 च्या कारखाना कायद्यात अठरा वर्षांखालच्या कामगाराला धोकादायक यंत्रावर पूर्ण शिक्षण आणि देखरेखीशिवाय उभं करायला मनाई केली गेली. त्याच कायद्यात असंही होतं की चालू यंत्राची सफाई किंवा वंगण स्त्रियांनी आणि अल्पवयीनांनी करायचं नाही, अशी तपासणी-दुरुस्ती अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या खास प्रशिक्षित पुरुषानंच करायची. माझ्या शेडमध्ये मी हा नियम थोडा बदलून घेतलाय: चालू मशीन साफ करायची परवानगी कोणालाच नाही, बाईला नाही आणि बुवालाही नाही. घट्ट कपड्यांची अट मात्र जशीच्या तशी ठेवली.

शाळा कारखाना नाही. पण कारखान्यात पगारी कामगाराला जी काळजी मिळायची, तिच्यापेक्षा कमी काळजी आपण आठवीच्या मुलाला देऊ शकत नाही. म्हणून माझी सूचना अशी. बँडसॉ जरूर द्यावा, पण ठरावात चार गोष्टी लिहून द्याव्यात.

एक. निधीतले पहिले पैसे मशीनवर खर्च होऊ नयेत. आधी खोलीचं वायरिंग, अर्थिंग, नो-व्होल्ट स्विच, धूळ ओढायची सोय, उजेड आणि कुलूप. उरलेल्या पैशांत जे मशीन येईल ते घ्यावं. लहान आलं तरी चालेल.

दोन. मशीन फक्त प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी किंवा मिस्त्रींनी चालवावं. मुलांनी मोजायचं, आखायचं, गुण्या लावायचा, रंधा मारायचा, हातकरवत आणि पटाशी चालवायची. मशीनवरचा काप त्यांनी लाल रेषेबाहेर उभं राहून, चष्मा लावून बघायचा. हातकरवतीनं सरळ कापता आलं की लाकडाचा रेषा कळतो, आणि ज्याला रेषा कळला तो मोठेपणी कुठल्याही मशीनसमोर शहाण्यासारखा उभा राहतो.

तीन. किल्ली एकाच व्यक्तीकडे असावी आणि खोलीत वही असावी. मशीन कधी लावलं, कोणी लावलं, पातं कधी बदललं, काय बिघडलं, सगळं त्यात लिहावं. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. बिघाड झाल्यावर सगळे तोच शोधतात आणि तो नेमका कोणी लिहिलेला नसतो.

चार. खोलीच्या दारावर मुलं-मुली असा भेद नसावा. वेळापत्रकात सुतारकाम सगळ्यांना आणि शिवणकामही सगळ्यांना. मुलांना काजं-बटणं आली तर काही बिघडत नाही, उलट सुईसमोर बोट न ठेवायची सवय लागेल.

पहिल्या दोन वर्षांत दर महिन्याच्या एका शनिवारी मी येईन. शिक्षकांना मशीन दाखवीन, पातं बदलायला शिकवीन, चाकं हातानं फिरवून तपासायची सवय लावीन. आपल्या तुकडीतले जे इलेक्ट्रिकल वाले आहेत, त्यांनी अर्थिंग वर्षातून एकदा मोजून द्यावं. डॉक्टर मंडळींनी प्रथमोपचाराची पेटी भरून द्यावी आणि ती भरलेली राहील असं बघावं. एवढं जमत असेल तर दुपारी माझा हात वर असेल. जमत नसेल तर त्या पैशांत चाळीस चांगल्या हातकरवती, रंधे आणि पटाश्या घेऊ. त्यातही त्या खोलीचं दार उघडेल आणि भुश्याचा वास पुन्हा व्हरांड्यात येईल.

आपल्या शिक्षकांनी आपल्याला दोन हात वापरायला शिकवलं. आपण जे काही शाळेला देऊ, त्यातून पुढच्या मुलांचे हात शाबूत राहावेत एवढंच मागणं आहे.

प्रश्न असतील तर विचारा. मशीनबद्दलचे आत्ता, एआयबद्दलचे जेवताना.